गुडघ्यात नेमकं काय टोचून घ्यायचं? स्टेम सेल, पीआरपी, स्टेरॉइड आणि सांधेबदल यांची तुलना

वय पंचावन्नच्या पुढे, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसरा मजला, चढताना कठडा धरावा लागतो आणि उतरताना त्याहून घट्ट. ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारती असोत की वाशी-नेरूळमधली सिडकोची सुरुवातीची बांधकामं, असं माणूस प्रत्येक जिन्याला एखादं तरी असतंच. एका डॉक्टरांनी ‘वंगण संपलंय’ म्हणून सांगितलेलं असतं, दुसऱ्यांनी ‘बदलूनच टाका’. तिसरीकडून स्टेम सेलचं पॅकेज हातात पडलेलं असतं आणि घरात दोन तट पडलेले असतात.

त्या घरासाठी आमचं मत आधीच सांगून टाकतो. ‘स्टेम सेल चांगलं की वाईट’ हा वाद घालून काही हाती लागत नाही. गुडघा कोणत्या ग्रेडचा आहे आणि सिरिंजमध्ये मोजून काय भरलंय, या दोन प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाली की निम्मा निर्णय आपोआप होतो. ही उत्तरं द्यायला जिथे टाळाटाळ होते, तिथे उरलेला निम्माही झाला असं समजा.

आधी एक्स-रे, तोही उभं राहून

झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्ये दोन हाडांमधली फट खरी असते त्यापेक्षा मोठी दिसते, कारण तेव्हा गुडघ्यावर वजनच नसतं. म्हणून दोन्ही पायांवर उभं राहून समोरून, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा ४५ अंशांपर्यंत वाकवून, असे फोटो लागतात. पाय बाहेर धनुष्यासारखा वाकला असेल तर खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे, म्हणजे स्कॅनोग्राम, हवा. चिठ्ठीवर ‘वेट बेअरिंग’ असं लिहून घ्या. नाहीतर सेंटरवाले सवयीने आडवंच झोपवतात.

झीज मोजायची केलग्रेन-लॉरेन्स पट्टी १९५७ पासून वापरात आहे. ग्रेड १ मध्ये शंकेला जागा, २ मध्ये हाडाची टोकं वाढलेली स्पष्ट दिसतात, ३ मध्ये फट नक्की कमी झालेली असते आणि ४ मध्ये ती जवळजवळ बुजून हाडावर हाड आलेलं असतं. रिपोर्टमध्ये नुसतं ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’ लिहिलं असेल तर ग्रेड लिहून मागा.

एमआरआयची घाई नको. पन्नाशीपुढच्या कितीतरी माणसांच्या गुडघ्यातल्या गादीत, म्हणजे मेनिस्कसमध्ये, फाटलेलं दिसतं आणि त्यातल्या अनेकांचा गुडघा दुखतही नसतो. तो रिपोर्ट वाचून माणूस उगाच घाबरतो आणि ‘गादी फाटलीय, लगेच इंजेक्शन घ्या’ या वाक्याला बळी पडतो. गुडघा मध्येच अडकत असेल, अचानक मुरगळून सुजला असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर एमआरआयला अर्थ आहे.

एका नावाखाली चार वेगळ्या वस्तू

गुडघ्यासाठी ज्या पेशींचं नाव घेतात त्या मेसेन्कायमल स्टेम सेल. हे नाव संशोधक आर्नल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये रूढ केलं. त्याच कॅप्लननी २०१७ मध्ये ‘हे नाव बदला’ असं लिहिलं. या पेशी सांध्यात रुजून नवी कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, तयार करतात अशी लोकांची समजूत झाली होती, आणि प्रत्यक्षात त्या तसं करत नाहीत. टोचलेल्या पेशी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत नाहीशा होतात. तेवढ्या मुदतीत त्या जे रेणू सोडतात त्यांनी सूज शांत होते, आसपासच्या पेशींच्या वागण्यात फरक पडतो. म्हणजे हे दाह कमी करणारं औषध आहे. ‘कूर्चा परत उगवते’ हे वाक्य माहितीपत्रकात दिसलं की ते खाली ठेवलेलं बरं.

पेशी-उपचारांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००६ मध्ये ठरवलेल्या निकषांप्रमाणे या पेशींवर सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ ही चिन्हं किमान ९५ टक्के पेशींवर असावी लागतात आणि रक्तपेशींची चिन्हं २ टक्क्यांच्या वर चालत नाहीत. हे प्रयोगशाळेत पेशी वाढवून, मोजूनच सांगता येतं. ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यातल्या सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे गरगर फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, पंधरा मिनिटांत ते कळत नाही. आता बाजारातल्या चार वस्तू पाहू.

पहिली, स्वतःच्या अस्थिमज्जेचा अर्क. कमरेच्या मागच्या हाडात सुई घालून साधारण ६० मिली मज्जा काढतात, ती फिरवून ६ ते ८ मिली अर्क उरतो आणि त्याच बैठकीत तो गुडघ्यात जातो. इथे एक हिशेब करून पाहा. मज्जेच्या दर मिलीमध्ये सुमारे २ कोटी केंद्रकयुक्त पेशी धरल्या तर ६० मिलीत १२० कोटी. त्यात मेसेन्कायमल पेशी दहा हजारांत एक ते लाखात एक. म्हणजे सगळ्या उठाठेवीनंतर हाती १२ हजार ते १ लाख २० हजार, तेही एकही पेशी वाया गेली नाही असं धरून. चुका होतात त्या काढतानाच. मोठ्या सिरिंजने एकाच जागेतून भराभर ओढलं की मज्जेऐवजी साधं रक्त येतं. अनुभवी हात १० मिलीची सिरिंज वापरून थोडं थोडं ओढतो आणि सुईची दिशा व खोली बदलत राहतो. वय वाढतं तसं पेशींचं प्रमाणही घटतं, त्यामुळे ज्याला गरज जास्त त्याच्याच हाडात माल कमी अशी गंमत आहे.

दुसरी, पोटाच्या चरबीतून. भूल आणि ॲड्रेनलिन मिसळलेलं सलाइन त्वचेखाली भरून चरबी ओढून घेतात. पुढे दोन वाटा फुटतात. एका वाटेत चरबी नुसती बारीक करून, धुऊन गुडघ्यात देतात. दुसऱ्या वाटेत कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम घालून, ३७ अंशांवर ठेवून पेशी सुट्या करतात. याला एसव्हीएफ म्हणतात. कायद्यासाठी हा फरक मोठा आहे. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियमांत एन्झाइमची प्रक्रिया ‘किमान हाताळणी’च्या पलीकडची मानली जाते. तशी वस्तू नवीन औषध ठरते आणि केंद्रीय औषध नियंत्रकांच्या परवानगीशिवाय ती रुग्णाला देता येत नाही. ‘तुमचीच चरबी, तुम्हालाच परत, परवानगी कशाला?’ हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण नियमात बसत नाही.

तिसरी, परवाना मिळालेलं, प्रयोगशाळेत वाढवलेलं औषध. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सने अनेक दात्यांच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या पेशींचं उत्पादन तयार केलं. गुडघ्याच्या झिजेसाठी त्याला २०२२ मध्ये भारतात मंजुरी मिळाली आणि अल्केमने ते ‘स्टेमवन’ या नावाने बाजारात आणलं. मात्रा ठरलेली: २.५ कोटी पेशी, पाठोपाठ २ मिली हायलुरोनिक ॲसिड (सांध्याचं ‘वंगण’). वरच्या हिशेबाशी ताडून पाहा, हा आकडा स्वतःच्या मज्जेतून मिळणाऱ्या पेशींच्या दोनशे ते दोन हजार पट आहे.

म्हणून ‘जितक्या जास्त तितकं बरं’ असं मात्र नाही. याच उत्पादनाच्या आधीच्या ६० रुग्णांच्या चाचणीत २.५, ५, ७.५ आणि १५ कोटी अशा चार मात्रा देऊन पाहिल्या. सगळ्यात कमी मात्रेचा निकाल चांगला आला, आणि सगळ्यात जास्त मात्रेत गुडघा दुखण्या-सुजण्याच्या तक्रारी वाढल्या. ‘आमच्याकडे १० कोटी पेशी देतो’ या जाहिरातीला एवढं उत्तर पुरे.

चौथी, नाळेतून काढलेल्या पेशींच्या किंवा ‘एक्सोसोम’च्या (पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म कणांच्या) तयार कुप्या. गुडघ्यासाठी यातल्या एकालाही भारतात मंजुरी नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून बनवलेल्या अशाच विनापरवाना उत्पादनामुळे १२ रुग्णांना जंतुसंसर्ग झाला आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. ही चौथी वस्तू तुलनेतून सरळ बाद करा. जाता जाता: नातवाची नाळ पैसे भरून बँकेत ठेवली असेल तर ती आजीच्या गुडघ्याला उपयोगी नाही. त्या रक्तात मुख्यतः रक्त बनवणाऱ्या पेशी असतात.

पुरावा कुठे, कसा उभा आहे

परवानाधारक औषधाच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ग्रेड २ आणि ३ चे १४६ रुग्ण होते. एका गटाला पेशी आणि हायलुरोनिक ॲसिड, दुसऱ्याला खोटं इंजेक्शन आणि हायलुरोनिक ॲसिड. वर्षभराच्या पाहणीत पेशींच्या गटातली वेदना आणि हालचाल दुसऱ्या गटापेक्षा चांगली राहिली. ग्रेड ४ चे रुग्ण त्यात नव्हते. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण ग्रेड ४ ला हे विकलं जातं तेव्हा याच चाचणीचा दाखला देतात.

याच्या समोर ठेवायला अमेरिकेतला २०२३ चा मोठा अभ्यास आहे. त्यात ४७५ रुग्णांमध्ये मज्जेचा अर्क, चरबीचा एसव्हीएफ आणि नाळेच्या पेशी या तिन्हींची तुलना साध्या स्टेरॉइड इंजेक्शनशी केली. वर्षाअखेरीस तिघांपैकी एकही स्टेरॉइडपेक्षा सरस ठरलं नाही. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०२५ च्या आढाव्याचा सूरही तसाच: स्टेम सेलने वेदना थोडी कमी होऊ शकते, पण पुरावा कमी खात्रीचा. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी स्टेम सेल आणि पीआरपी (आपलंच रक्त फिरवून काढलेला, प्लेटलेट जास्त असलेला द्रव) दोन्हींच्या विरोधात ठाम शिफारस केली. मुख्य कारण हेच की प्रत्येक ठिकाणी सिरिंजमधला माल वेगळा.

दोन्ही बाजू एकत्र वाचल्या तर आमचा कल असा: जिथे मात्रा ठरलेली आणि तपासलेली आहे तिथे निदान चर्चा होऊ शकते. जिथे थिएटरमध्येच काढून तिथेच टोचतात, तिथे आपण स्टेरॉइडच्या कितीतरी पट पैसे मोजून जवळपास स्टेरॉइडइतकाच परिणाम विकत घेतो.

पीआरपी, स्टेरॉइड, हायलुरोनिक

पीआरपीत सगळ्यात मोठी लबाडी रक्ताच्या प्रमाणात होते. प्लेटलेटची संख्या मायक्रोलिटरला अडीच लाख धरली तर १० मिली रक्तात २५० कोटी प्लेटलेट असतात. फिरवताना काही वाया जातात, दोनशे कोटीही हाती येत नाहीत. ज्या अभ्यासांत फायदा दिसला त्यातल्या एका भारतीय अभ्यासात एका वेळची मात्रा हजार कोटी प्लेटलेटची होती. त्यासाठी ६० मिलीच्या आसपास रक्त लागतं. तेव्हा एका छोट्या नळीभर रक्तातून ‘पीआरपी’ होत असेल तर त्यात फक्त नाव घट्ट आहे, बाकी पातळ. रक्त किती घेणार, कितीदा फिरवणार, पांढऱ्या पेशी काढणार का, आणि शेवटी प्लेटलेट मोजून आकडा देणार का, हे चार प्रश्न विचारा. आधी आठवडाभर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या बंद ठेवायला सांगतात, कारण त्या प्लेटलेटचं काम अडवतात. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते मात्र मनाने थांबवू नका.

पीआरपीच्या विरुद्धचा पुरावाही सांगायला हवा. ऑस्ट्रेलियातल्या २८८ रुग्णांच्या २०२१ च्या चाचणीत आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं देऊन वर्षाने पाहिलं, तर साध्या सलाइनपेक्षा वेदनेत किंवा कूर्चेच्या आकारमानात फरक नव्हता. मात्रा कमी होती म्हणून असं झालं, असं पीआरपीचे समर्थक म्हणतात. त्यात तथ्य असू शकतं, पण मग मात्रा मोजण्याचा आग्रह क्लिनिकमध्येही धरायला हवा.

स्टेरॉइड स्वस्त, लवकर लागू पडणारं, अल्पजीवी. सुजलेला गुडघा चार-सहा आठवडे शांत करायला, म्हणजे घरातलं लग्न किंवा आधीच तिकीट काढलेला प्रवास पार पाडायला, ते उपयोगी आहे. दर तीन महिन्यांनी घेत राहणं चुकीचं. २०१७ च्या चाचणीत दोन वर्षं दर १२ आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम ट्रायॅम्सिनोलोन दिलं, तेव्हा कूर्चा सलाइनच्या गटापेक्षा जास्त झिजली आणि वेदनेत फरक पडला नाही. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते, रोज मोजा. आणि सांधेबदल ठरत असेल तर त्याआधीचे तीन महिने गुडघ्यात स्टेरॉइड घेऊ नका, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. हे शेवटचं रुग्णाला कोणी सांगत नाही, आणि मग ऑपरेशनची तारीख पुढे ढकलावी लागते.

हायलुरोनिक ॲसिड म्हणजेच बोलीभाषेतलं ‘वंगण’. फरक पडला तर तीन ते सहा महिने, तोही थोडाच. नुसतं हेच घेण्यासाठी वेगळे पैसे घालवावेत असं आम्हाला वाटत नाही.

| पर्याय | सिरिंजमध्ये किंवा हातात काय | कुणासाठी विचार करावा | अडचण |
|---|---|---|---|
| परवानाधारक पेशी | २.५ कोटी मोजलेल्या पेशी | ग्रेड २-३, व्यायाम करूनही दुखतं | महाग, विमा नाही |
| मज्जेचा अर्क, चरबी | संख्या न मोजलेली | आमची शिफारस नाही | स्टेरॉइडपेक्षा सरस नाही |
| पीआरपी | ६० मिली रक्त, प्लेटलेट मोजून | ग्रेड १-३ | निकाल उलटसुलट |
| स्टेरॉइड | ४० मिलिग्रॅम | अचानक सूज | वारंवार घेतल्यास झीज |
| हाड वळवणं (वाकडा पाय सरळ करणं) | प्लेट आणि स्क्रू | साठीच्या आत, एकाच बाजूची झीज | हाड जुळेपर्यंत वॉकर |
| सांधेबदल | धातू आणि प्लास्टिक | ग्रेड ४ | मोठी शस्त्रक्रिया |

शस्त्रक्रियेची बाजू

पाय वाकलेला, झीज फक्त आतल्या बाजूला आणि वय साठीच्या आत, अशा माणसाच्या नडगीच्या हाडात पाचर पाडून पाय सरळ करता येतो. भार बाहेरच्या चांगल्या बाजूवर सरकतो. सुमारे सहा आठवडे वॉकर लागतो आणि हाड जुळायला तीन महिने. सिगारेट-बिडी चालू असेल तर हाड जुळण्यात अडथळा येतो, आधी ती सोडा. वाकडा पाय तसाच ठेवून कुठल्याही पेशी टोचल्या तरी झिजलेल्या बाजूवर भार पडतच राहतो. ठाणे-नवी मुंबईत इतक्या जणांना स्टेम सेल सुचवलं जातं आणि त्या मानाने हाड वळवण्याचं नाव कमी निघतं, याचं आम्हाला नवल वाटतं.

पूर्ण सांधेबदलाची टिकाऊपणाची आकडेवारी भक्कम आहे: २५ वर्षांनी सुमारे ८२ टक्के सांधे जागेवर असतात, अर्ध्या, म्हणजे फक्त झिजलेल्या बाजूच्या, सांध्याच्या बाबतीत सुमारे ७० टक्के. पण पाचात एक रुग्ण ‘अपेक्षेइतकं बरं वाटलं नाही’ असं म्हणतो, हेही तितकंच खरं. ज्यांचा एक्स-रे ग्रेड २-३ चाच होता आणि दुखण्याचं कारण दुसरीकडे, म्हणजे कंबर, खुबा किंवा स्नायूंच्या दुबळेपणात होतं, असे बरेच त्यात सापडतात. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी चालवतात, तीन-चार दिवसांत घरी सोडतात, पण गुडघा पुरता वाकवण्याची मेहनत पहिल्या सहा आठवड्यांतच करावी लागते. ते आठवडे वाया गेले की तो अखडतो. जमिनीवर मांडी घालून बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, पूजेला खाली बसणं, हे बहुतेकांना सोडावं लागतं. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी ऑपरेशनआधीच कमोड बसवून घ्यावा.

२०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती ठरवल्या. दीड लाखाच्या पुढे विकला जाणारा साधा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा तेव्हा कर सोडून ५४,७२० रुपयांवर आला. म्हणून बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवायला सांगा आणि पाकिटावरचे स्टिकर फाइलला चिकटवून घ्या. सरकारी योजनेचं कार्ड असेल तर आपला विकार त्यात बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून दाखल होण्याआधी तपासा.

ज्याचं पॅकेज नसतं तो उपाय

कुठल्याही ग्रेडला, कुठल्याही सुईच्या आधी, बारा आठवडे व्यायाम. हे उपदेश म्हणून सांगत नाही. २०२० च्या १५६ रुग्णांच्या चाचणीत वर्षाअखेरीस फिजिओथेरपी स्टेरॉइड इंजेक्शनपेक्षा सरस ठरली. वजनाचा हिशेब त्याहून सरळ: एक किलो कमी झालं की दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो.

करायचं काय: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळणं, पाच सेकंद धरून दहा वेळा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलणं, दहाचे तीन फेरे. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, कारण खुब्याचे स्नायू ढिले असले की गुडघा आत पडतो. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहाचे दोन फेरे. आठवड्यातून निदान तीन दिवस. करताना थोडं दुखलं तरी चालेल, पण ते दुखणं चोवीस तासांत पूर्ववत व्हायला हवं. नाही झालं तर फेरे कमी करा. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडतात. स्नायूंची ताकद सहा ते आठ आठवड्यांनी जाणवू लागते, म्हणजे लोक नेमके फळ धरायच्या आधी झाड सोडतात.

मासुंदा तलावाची किंवा नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईची सपाट फेरी चालेल. येऊरचा चढ सध्या नको. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची, बहुतेक जण उलटी धरतात. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात अस्थिरोग आणि फिजिओथेरपी दोन्हींची ओपीडी आहे. खाजगी पॅकेजची सही करण्याआधी तिथलं दुसरं मत कमी खर्चात मिळतं.

परवानाधारक पेशी घ्यायच्या ठरल्याच तर

ग्रेड २ किंवा ३, पाय फारसा वाकडा नाही, बारा आठवडे व्यायाम मनापासून केला, वजन थोडं तरी उतरलं आणि तरीही दुखतं, शिवाय पैसे गेले तरी घर अडणार नाही: या सगळ्या अटी जुळणाऱ्याला आम्ही ‘घेऊ नका’ म्हणणार नाही. ग्रेड ४ ला म्हणू.

पेशी उणे १५० अंशांच्याही खाली, द्रव नायट्रोजनच्या वाफेत गोठवून ठेवतात आणि ड्राय शिपर नावाच्या पिंपातून येतात. ते पिंप कित्येक दिवस थंड राहतं, त्यामुळे घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकने काही बिघडत नाही. बिघडतं ते वितळवल्यानंतर. कुपी ३७ अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटांत वितळते आणि तिथून पेशींचं मरणं सुरू होतं. म्हणून रुग्ण टेबलावर, त्वचा स्वच्छ करून तयार, सोनोग्राफी मशीन चालू, मगच कुपी बाहेर काढायची. डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकलेत आणि कुपी वितळून ठेवलीय, असं दिसलं तर तुम्ही महागडं पाणी टोचून घेत आहात.

गुडघ्यात पाणी साठलं असेल तर ते आधी काढतात, नाहीतर मात्रा पातळ होते. बधिर करणारं औषध फक्त त्वचेत द्यावं. लिग्नोकेन सांध्यात गेलं तर ते पेशींना मारक ठरतं. कुपीवरचं उत्पादनाचं नाव, बॅच नंबर आणि मुदत यांचा फोटो काढून घ्या. नंतर एक-दोन दिवस सूज आणि ठणका अपेक्षित आहे; तेव्हा पॅरासिटामॉल घ्या, आणि महिनाभर पळणं-उकिडवं बसणं टाळा.

विम्याबद्दल भ्रम नको. विमा प्राधिकरणाच्या २०१९ च्या निर्देशांत आधुनिक उपचारांच्या यादीत ‘स्टेम सेल थेरपी’ हे शब्द आहेत. ते दाखवून ‘कॅशलेस होईल’ असं सांगितलं जातं. पुढची ओळ वाचा: रक्ताच्या विकारांत अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठीच्या रक्तमूल पेशी, एवढंच. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये टाटा स्मारक केंद्राचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट चालतं, ते या ओळीत बसतं. गुडघा बसत नाही.

आणि कोणी ‘तुम्ही ट्रायलमध्ये आहात’ म्हणत पैसे मागत असेल तर तिथून उठा. खऱ्या चाचणीला सीटीआरआयचा (भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक असतो, तो संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो, आणि चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.

गुडघ्यापलीकडचे दावे

त्याच माहितीपत्रकात बहुधा मधुमेह, मणक्याची इजा, ऑटिझम, पार्किन्सन अशी यादी असते. ऑटिझमसाठी स्टेम सेल देऊ नये असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ मध्ये सांगितलेलं आहे. या पेशींना भारतात गुडघ्याखेरीज मंजुरी आहे ती बर्जर विकारात (तंबाखूशी जोडलेला, रक्तवाहिन्या बुजवणारा विकार) पायाचा रक्तपुरवठा तुटत आल्यावर पोटरीच्या स्नायूत देण्यासाठी, आणि तिथेही तंबाखू सुटली नाही तर पाय वाचत नाही. अमेरिकेत पहिली मंजुरी डिसेंबर २०२४ मध्ये मिळाली: मज्जा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी बाळाच्याच शरीरावर उलटतात आणि स्टेरॉइडही चालत नाही, अशा मुलांसाठी. युरोपात क्रोन विकारातल्या भगंदरासाठी २०१८ मध्ये असंच औषध मंजूर झालं होतं. नंतरच्या मोठ्या चाचणीत फायदा सिद्ध झाला नाही आणि २०२४ मध्ये ते बाजारातून गेलं. डोळ्यात तर कुणाला टोचूच देऊ नका. अमेरिकेत २०१५ मध्ये पोटाच्या चरबीच्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन महिलांची दृष्टी गेली.

शेवटी फ्रिजवर चिकटवायची चिठ्ठी, इंजेक्शन कुठलंही असो: पहिल्या आठवड्यात ताप, थंडी, गुडघा लाल आणि गरम, पाय टेकवताच न येणं, यातलं काहीही झालं तर ती ‘इंजेक्शनची गरमी’ समजून सकाळची वाट पाहायची नाही. त्याच रात्री जिथे अस्थिरोगतज्ज्ञ हजर असतात अशा रुग्णालयात जायचं आणि गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला सांगायचं. अँटिबायोटिकची गोळी त्यानंतर, आधी नाही, कारण आधी घेतली तर जंतू कोणता हे कळत नाही.